चन्नप्पांना मिळालेलं धोतर

तव्यावरची भाकरी फुगायला लागली आणि दारावर थाप पडली. सकाळी साडेसातला आमच्याकडे येतो तो दूधवाला, आणि तो हाक मारतो. ही थाप मुकी होती. गॅस बारीक करून दार उघडलं, तर शेजारचे चन्नप्पा. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं, काळी पेटी छातीशी धरलेली.

"अक्का, ही तुमच्यात ठिवा. कुटंबी."

वयानं ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी पहिल्या दिवसापासून मला अक्काच म्हणतात. तीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या भागातल्या निम्म्या नवरानवरींना "हनुवटी वर, हसा जरा" हे त्यांनीच सांगितलंय. पुढे मोबाईल आले, स्टुडिओ ओस पडला. गेल्या दिवाळीत पुण्याहून त्यांच्या मुलीनं, अक्षतानं, ड्रोन आणून दिला आणि माणूस पुन्हा ताठ चालायला लागला. दर रविवारी गच्चीवरून तो उडवायचे. त्या पेटीत तोच होता.

"झालं काय?"

"काल सांजच्याला पोलीस आलता. आज अकराला बोलावलंय. वळखीतल्या नंदीशच्या लग्नात उडवला की, होटगी रोडला, विमानतळापाशी. कुनीतरी तक्रार केली. विमान यायची येळ होती म्हणं."

आमच्या विमानतळाची सवय आम्हा सगळ्यांनाच नडली. वर्षानुवर्षं तिथं नेमानं विमान येत नव्हतं, त्यामुळे त्या बाजूला आकाशाकडे कोणी बघायचंच नाही. आता विमानं येतात, पण आमच्या माना अजून जुन्याच.

मी त्यांना बसवलं, आधीच केलेला चहा दिला. पेटी टेबलावर ठेवली, कपाटात नाही. त्यांनी ते पाहिलं. मी फोनवर नियम शोधले. इंग्रजी किचकट होतं, वाचत वाचत सांगत गेले.

"ड्रोनची नोंदणी लागते. त्याला नंबर मिळतो."

"गाडीसारखा? पाटी कुटं लावायची ह्याला?" ते हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं.

मग नकाशा. हिरवा भाग मोकळा, पिवळ्यात परवानगी, लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. बोटानं मोठा करत गेले. होटगी रोड लाल. आणखी सरकवला. आमची गल्लीही लाल.

चन्नप्पांनी वर छताकडे पाहिलं. त्याच्यावरच ती गच्ची. "म्हंजे दर रविवारी..." एवढंच म्हणाले. हातातला चहा शर्टावर सांडला.

"लायसन?"

"तुमचा ड्रोन हलका, हौसेसाठी लागत नाही. धंद्यासाठी लागतं."

त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मग सुटलो की. मी एक रुपया घेतला न्हाय. घरचं लग्न म्हणलो."

तेवढ्यात चन्नप्पांच्या पत्नी कमलम्मा आल्या, अर्धी वेणी तशीच हातात. त्या दारातूनच म्हणाल्या, "आणि धोतर? भर मांडवात नंदीशच्या वडलांनी 'आमचे ड्रोनवाले' म्हणून आहेर केला. त्याच्या आदी तीन लग्नांत तीन टॉवेल-टोप्या. धुवून घडी मीच घातली."

काम करणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पैसे नको म्हणता येतं, आहेर नाकारला तर यजमानाचा अपमान. चन्नप्पांनी तो मान म्हणून घेतला आणि मान घेतल्यानं धंदा होतो हे त्यांच्या मनातही आलं नाही. आहेर म्हणजे मोबदला का, हे माझ्या फोनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला ठाऊक नाही, एवढंच मी सांगितलं.

"दंड हाय का त्यात?"

"लाखापर्यंत."

"आणि आत?"

"ते मला कळत नाहीये, अण्णा."

स्वयंपाकघरातून भाकरी करपल्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

"सांगा हौस म्हणून," कमलम्मा दबक्या आवाजात म्हणाल्या. "धोतर आत्ताच परत देऊन येते. कोण बघतंय."

"मांडवातले पाचशे लोक बघत हुते."

"तीस वर्षं लोकास्नी हसा म्हणून सांगितलं. आता स्वतः रडा."

पण हे म्हणताना कमलम्मांनी पदरानं चन्नप्पांच्या शर्टावरचा चहा टिपला, आणि चुकलेलं बटण सोडवून नीट लावलं.

मागच्या गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल थांबली. तिघांनीही दाराकडे पाहिलं. ती पुढे गेली.

आठ वाजत आले होते. चन्नप्पांनी खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला. पोलिसानं सांगितल्याप्रमाणे जबाब घरूनच लिहून न्यायचा होता. त्यांचं शिक्षण अक्कलकोटला कन्नड शाळेत झालेलं; बोलायला दोन्ही भाषा, पण मराठी लिहिताना हात अडतो. त्यांनी पेटी माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"ही मी संगं नेतो," ते म्हणाले. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"अक्का, तुमी लिवा. धोतर घेतलं, हे बी लिवा."