पेवातली वाफ

सोलापूर स्टेशनात गाडी सुटायच्या बेतात असताना आप्पांनी, माझ्या वडलांनी, खिडकीतून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "कुटं बी उतरायचं आसंल तर आदी वाफ जाऊ दे." अमेरिकेला शिकायला निघालेल्या पोराला हा कसला आशीर्वाद, म्हणून डब्यातली माणसं हसली. मलाही लाज वाटली. पण गावी, मैंदर्गीला, आमच्या अंगणात ज्वारीचं पेव आहे. जमिनीत खोल खणलेलं, तोंडावर दगड ठेवून शेणामातीनं लिंपलेलं. दगड काढला तरी आतली कोंडलेली हवा, म्हणजे वाफ, निघून जाईपर्यंत खाली उतरायचं नसतं, नाहीतर माणूस आतच गुदमरतो. लहानपणी मी काठाशी वाकलो की आप्पा असंच मनगट धरायचे.

अमेरिकेत मात्र मी वाफ जायची वाट न बघताच उतरलो. शिक्षण अर्धवट राहिलं, व्हिसा संपत आला. वेगळ्या भाषा येणाऱ्या परदेशी पोरांना तेव्हा सैन्यात घेत होते, नागरिकत्वही लवकर मिळायचं. सोलापूरच्या बाजारात शिकलेली दखनी मी उर्दू म्हणून खपवली आणि पॅराट्रूपर झालो. पुढं अफगाणिस्तानच्या डोंगरात माझं एक अक्षर कुणाला कळेना. विमानातून उड्या मारायला शिकलो होतो, पण त्या सबंध युद्धात एकही उडी मारली नाही. जायचं हेलिकॉप्टरनं आणि परतायचंही त्यानंच, आभाळ मोकळं असेल तर.

आमचा तळ डोंगराच्या एका सोंडेवर होता. भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत, समोरच्या उतारावरून कधीही गोळीबार. खाली दरीतलं गाव दिसायचं, पण हुकुमाशिवाय पाऊल बाहेर टाकता येत नसे. मुदत संपत आली की ती वाढायची. घरी फोनवर मी हवापाण्याचं बोलायचो. सही मीच केली होती, आता रडायचं कुणापुढं?

एका सकाळी हत्यारं शोधायला आम्हाला त्याच गावात उतरवलं. तिथली घरं मला ओळखीची वाटली. मातीच्या जाड भिंती, वर सपाट माळवद, आणि एका अंगणात मातीनं लिंपलेला दगड. आमच्या तुकडीच्या सार्जंटला वाटलं, खाली दारूगोळा आहे. मी सांगितलं, हे धान्याचं पेव आहे, आमच्याकडे अगदी असंच असतं. असेलही, तो म्हणाला, पण स्फोटकं लावून मोकळं होऊ. म्हणजे त्या घराचं वर्षाचं खाणं गेलं. मी हट्टच धरला, मी उतरून बघतो.

आम्ही दगड सरकवला. मी पाय आत सोडणार तोच घरातला म्हातारा धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. सगळ्यांच्या बंदुका त्याच्यावर रोखल्या गेल्या. तो काहीतरी लपवतोय, असंच प्रत्येकाला वाटलं. माझ्या मात्र तोंडातून गावची भाषा निघाली. "व्हय, बाबा, वाफ हाय. ठाव हाय मला." त्याला शब्द कळले नसणार. तरी मी बाकीच्यांना हातानं थांबवलं, आम्ही दोघं वाफ जाईपर्यंत काठावर बसून राहिलो आणि सार्जंट घड्याळ बघत चरफडत राहिला. मग मी उतरलो आणि मूठभर गहू घेऊन वर आलो.

स्फोट टळला. पण उघडलेलं पेव लगेच रिकामं करावं लागतं किंवा पुन्हा नीट लिंपावं लागतं, नाहीतर ओल शिरून धान्य कुजतं. आभाळ भरून येत होतं आणि आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर आलं होतं. बाकीचे तिकडं पळाले, दगड मला एकट्याला हलेना. म्हाताऱ्यानं दुसरं टोक धरलं. तोंड झाकलं गेलं, लिंपायला वेळ मिळाला नाही. वरून बघितलं तर तो ओंजळीनं माती आणून दगडाच्या कडेला दाबत होता आणि आमच्या पंख्याचा वारा ती उडवत होता. त्या रात्रीपासून पाऊस लागला. ते अंगण मला तळावरून रोज दिसायचं. गहू राहिला की गेला, ते मला आजही ठाऊक नाही.

गावी राहिलेल्यांना वाटतं, मी सुटलो. माझ्यासारखे जे बाहेर पडले ते असं म्हणणार नाहीत. मला नागरिकत्व मिळालं आणि माझे गुडघे गेले. उपचार इथं अमेरिकेतल्या लष्करी दवाखान्यात, पोरांच्या शाळा इथं, घराचे हप्ते इथं. घराला तळघर आहे, त्यात मी उतरत नाही. बायको हसते, मी हसू देतो.

परवा आप्पांचा फोन आला. आई, आमची अव्वा, गेल्यापासून ते एकटेच असतात. पेव बुजवून अंगणात फरशी घालायची म्हणाले. तळाला थोडी जुनी ज्वारी आहे, ती आधी स्वतः उतरून काढणार होते. बुजवू नका, मी म्हणालो.

"मग भरनार कोन? तू येतूस व्हय?"

येतो म्हणायला जीव आसुसला होता. पण एवढंच म्हणालो, "आप्पा, उतरायच्या आदी वाफ जाऊ द्या."

ते म्हणाले, "त्ये मला ठाव हाय की. पर मनगट धरायला हितं कोन हाय?"