थारची शिकार आणि सुका बोंबील

आमचे हे शिकारीला निघायचे तेव्हा अख्ख्या सोसायटीला कळायचं. खांद्याला बंदूक नसायची. हिमालयात थार मारायला केव्हाच बंदी आली होती, आणि यांच्याच्याने घरातलं झुरळही मरत नसे. यांची शिकार कॅमेऱ्याची. थार म्हणजे तिकडच्या कड्यांवर राहणारा रानबोकड. माणसाची चाहूल लागली की तो नाहीसा होतो, हे मला यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की तो मुळात असतो की नाही, अशीच मला शंका येऊ लागली होती. मी शाळेत विज्ञान शिकवायची. पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हे मी वर्गात रोज सांगायची आणि घरी पाळायची.

ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत आम्ही वाशीला नवे नवे राहायला आलो होतो. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रविवारी पहाटे पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरून हे मागच्या डोंगरावर चढायचे. सराव म्हणे. एकदा पिशवी उसवली आणि डोंगरापासून आमच्या जिन्यापर्यंत घरचा आंबेमोहोर सांडत आला. वर चरणाऱ्या शेळ्यांचे फोटोही सरावापुरते काढायचे. शेळ्या ऐटीत उभ्या राहायच्या. थार मात्र कधी उभा राहिला नाही. तीन वेळा हे हिमालयात गेले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आले.

परत आले की गच्चीवर चादर बांधून स्लाइड शो. प्रोजेक्टर माझ्या शाळेचा, चादर माझ्या रुखवताची. चादरीवर एक मोठा दगड दिसायचा आणि हे सांगायचे, "या दगडामागे थार होता." पुढचा दगड. "इथून तो नुकताच गेला होता." तिसऱ्या मजल्यावरचे काका न चुकता म्हणायचे, "दगड मात्र झकास आलाय हो!" सगळे खो खो हसायचे. मीही हसायची.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, आता फार तर एक खेप, मग डोंगर बंद. त्या वर्षीच्या शोला लोक हसले तेव्हा हेही हसले. पण घरी येऊन स्लाइडी डब्यात भरताना एकेक स्लाइड दिव्यासमोर धरून बघत बसले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "यंदा मी पण येते." हे इतके खूश झाले की मला उगाच बोलले असं वाटलं.

जवळच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक मावशी आमच्याकडे सुकी मासळी घेऊन यायची. तिला कळल्यावर तिने टोपली उतरवली. "थंडीन चालल्या ना ताई? मंग ह्यो बोंबील न्या. तोंडाला चव नसली तं मानूस डोंगुर कसा चढंल?" आम्ही मूळचे कोकणातले, आम्हाला हे लगेच पटलं. जाड मोज्यांच्या आधी बोंबलाचा डबा भरला गेला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. शेवटचं गाव मागे टाकून बरंच चालल्यावर तंबू लागला. आमच्या वाटाड्याचे वडील पूर्वी शिकाऱ्यांना घेऊन जायचे, हा फोटोवाल्यांना न्यायचा. संध्याकाळी मी स्टोव्हवर बोंबील भाजले. यांनी डाळभाताबरोबर असे हाणले की गुडघे विसरले. वाटाड्याने मात्र मफलर नाकावर ओढला आणि तंबूबाहेर जाऊन उभा राहिला. मग त्याने कळवळून समजावलं, की थारचे डोळे तेज आणि नाक त्याहून तेज. वाऱ्यावर हा वास गेला तर सगळा कळप पार पलीकडच्या डोंगरावर.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शिक्षा मिळाली. "बहनजी, आप इधर. डब्बा भी इधर." डोंगराच्या धारेच्या अलीकडे, एका खडकावर मला आणि डब्याला बसवून दोघे पुढे गेले. जाताना यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तीन खेपांचं अपयशही माझ्याच डब्यातून निघालं होतं. मी शाल, स्वेटर, कानटोपी घालून फुरंगटून बसले. मनात म्हटलं, मिळू दे एकदाचा बोकड, म्हणजे सुटले.

ऊन चढलं. वारा फिरला, तो आता खालून वर येऊ लागला. थोड्या वेळाने वरून खडे घरंगळले. मी मान वर केली.

तो उभा होता. आमच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसते, तेवढ्याच अंतरावर. मानेभोवती केसांची एवढी मोठी झूल, थेट गुडघ्यांपर्यंत, आणि ती वाऱ्यावर हलत होती. शिंगं आखूड, मागे वळलेली, दीड वीत असतील. तोंडात गवताची काडी. घाबरून पळून आलेला वाटतच नव्हता, रिटायर झालेल्या हेडमास्तरांसारखा बघत होता. मी श्वास रोखला. डब्याचं झाकण घट्ट धरून ठेवलं, जणू त्याने काही होणार होतं. त्याने काडी संपवली, वळला आणि जिथे मला भिंत दिसत होती तिथून रस्ता असल्यासारखा चालत गेला.

दोघे परत आले ते पडलेल्या चेहऱ्यांनी. कळप दिसला होता, हे कॅमेरा डोळ्याला लावत होते, तेवढ्यात सगळे उधळले. वाटाड्या सारखं नाक ओढत होता. शेवटी त्याने सरळ यांची कॅमेऱ्याची बॅग उघडली. आत लेन्सच्या शेजारी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले दोन भाजलेले बोंबील!

"भूक लागली तर असू दे म्हणून," हे पुटपुटले.

वाटाड्या कपाळाला हात लावून खाली बसला. मला बोलायला तोंड मिळालं होतं, आणि काय काय बोलायचं तेही तयार होतं. पण मी एवढंच म्हटलं, "अहो, तो इथे आला होता."

मला वाटलं चिडतील. हे माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सांग." मी सांगितलं. झूल, काडी, भिंतीवरून चालणं. हे मध्येमध्ये मान डोलवत होते, ओळखीच्या माणसाची खुशाली ऐकावी तसे. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही थापा मारत नव्हता." हे हसत सुटले. रिळात एकच फोटो उरला होता. यांनी कॅमेरा उचलला आणि माझ्याकडे वळवला. "अहो, वाया घालवू नका!" मी ओरडले, तोवर खटका पडला होता.

गच्चीवर चादर लागली. पहिला दगड आला, दुसरा आला, काकांचं वाक्य आलं, हशा झाला. मग शेवटची स्लाइड. कानटोपी घातलेली, मांडीवर डबा घेतलेली, चिडलेली मी. हशा आणखी वाढला. हे शांतपणे म्हणाले, "थार हिला दिसला. पुढचं ही सांगेल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. यांच्यावर सगळ्यांत जास्त मीच हसायची, ते सगळ्यांना माहीत होतं. मी उठले आणि पाहिलं तेवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. कोणी हसलं नाही. काका पुढे सरकून बसले. "वहिनी, तुम्ही स्वतः पाहिला?"

"स्वतः."

"मग यांचं खरंच होतं की हो!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे प्रोजेक्टरमागे उभे होते, एका हाताने दुखरा गुडघा चोळत. चेहरा प्रोजेक्टरच्या दिव्यासारखा उजळला होता.

"आणि शिंगं?" काकांनी विचारलं. "शिंगं केवढी?"

मी दोन्ही हात समोर धरले, दीड वीत. मग यांच्याकडे आणखी एकदा पाहिलं, आणि हात हळूहळू पसरत नेले.