उमरेड रोडवर पाय बांधून

सायकलवाल्यांच्या गोष्टींचं एक वाईट असतं. सायकल विकली जाते, गुडघे जातात, ज्यांच्यासोबत चालवली ती माणसंही एकेक करून जातात. गोष्टी मात्र जुन्या नट-बोल्टांसारख्या डब्यात साचत राहतात आणि कोणी डबा हलवला की खडखडतात. परवा माझा डबा माझ्या पुतण्यानं हलवला.

निनाद त्याचं नाव. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका दुकानात घेऊन गेला मला. म्हणे, काका, क्लिपलेस पेडल आणि त्यावरचे बूट घ्यायचे आहेत, सोबत चला. तिथं भिंतभर बूट मांडलेले. दुकानातला मुलगा निनादला तासभर समजावत होता, तळवा किती कडक हवा, टाच किती अंश हलायला हवी. बूट पेडलमध्ये खट्कन अडकतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. मी म्हटलं, अडकतो तर मग क्लिपलेस कसला? तो म्हणाला, "अंकल, पूर्वी पेडलवर टो-क्लिप असायच्या ना, त्या यात नाहीत."

पूर्वी म्हणे! अरे बाबा, त्या पूर्वीतच तर मी राहत होतो.

सत्तर सालच्या आगेमागे आम्ही चौघं रोज सकाळी सक्करदरा चौकातल्या चहाच्या टपरीवर जमायचो आणि उमरेड रोडला लागायचो. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. वसंता एका कारखान्यात लेथवर. बापट सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आमच्यात वयानं आणि आवाजानं मोठे. आणि चौथा मनोहर. तांडापेठेतल्या विणकराचा पोरगा, अंगानं काडी, पण सायकलवर बसला की आम्ही तिघं रविवारी त्याच्या मागच्या चाकाकडे बघतच उमरेड गाठायचो.

आम्ही तिघं हौसेनं चालवत होतो, मनोहरचं तसं नव्हतं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळत होती. नाहीतर घरचा हातमाग होताच, आणि त्या मागावर एकाचंही धड भागत नव्हतं. वय निघून चाललं होतं. त्याचे वडील डोमाजी सायकलीला नको म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. सायकल या विषयावर ते बोलतच नसत. मनोहर म्हणायचा, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं गा."

*

त्या काळी नागपुरात टो-क्लिप मिळायच्या नाहीत. पेडलच्या पुढे एक लोखंडी पिंजरा, त्यात बुटाचा पंजा घालायचा आणि वरून चामड्याचा पट्टा ओढून पाय पेडलला बांधून टाकायचा, असा तो सगळा कारभार. वसंतानं एका परदेशी मासिकातलं चित्र पाहिलं आणि म्हणाला, हे तं मी जेवणाच्या सुट्टीत बनवतो. पहिली जोडी त्यानं तुपाच्या डब्याच्या पत्र्याची केली. त्या जोडीनं बापट सरांच्या बुटाचं नाक कापलं. मग मडगार्डच्या सळया वाकवून केलेली जोडी टिकली.

पट्टे इतवारीत टांग्याचं सामान शिवणाऱ्याकडून आणले. त्यानं विचारलं, घोडा केवढा आहे? बापट सर शांतपणे म्हणाले, "चार आहेत. दोन पायांचे."

*

बुटांची गोष्ट वेगळीच. आम्ही फुटबॉलचे जुने बूट घ्यायचो, खालचे गट्टू काढायचो आणि तळव्याला ॲल्युमिनियमची खाच असलेली पट्टी ठोकून घ्यायचो. ती खाच पेडलच्या कडेवर बसली की पाय जागचा हलत नसे. चालताना मात्र टक् टक् आवाज यायचा आणि गुळगुळीत फरशीवर देवच वाली.

बापट सर राइडवरून परस्पर कॉलेजात जायचे. त्यांचा टक् टक् आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाला ऐकू आला की वर्ग चिडीचूप. प्रिन्सिपॉल खूश, म्हणाले, बापटांच्या वर्गासारखी शिस्त कुठंच नाही. मग एक दिवस सर फरशीवरून घसरले, डस्टर एकीकडे, सर एकीकडे. दुसऱ्या दिवसापासून साध्या चपलेत यायला लागले. आठवड्यातच वर्गातली पोरं शिष्टमंडळ घेऊन आली. म्हणाली, सर, तुम्ही जुने बूटच घाला, आम्हाला तुम्ही येताय ते कळतच नाही!

*

पाय बांधले की सायकल थांबायच्या आधी वाकून हातानं पट्टा सैल करावा लागतो. हे शहाणपण पडल्याशिवाय कोणाला आलेलं मी पाहिलं नाही.

रेल्वेच्या छोट्या लाइनचं फाटक एकदा बंद होतं. पट्टे कोण सोडत बसेल म्हणून बापट सरांनी फाटकाचा दांडा धरला, मनोहरनं सरांचा खांदा धरला, मी मनोहरचा आणि वसंतानं माझा. चौघं सायकलवर आरामात उभे, गप्पा चालू. गाडी गेली. फाटकवाल्यानं चाक फिरवलं आणि दांडा वर जायला लागला. सरांचा हातही दांड्यासोबत वर, आणखी वर, पंजे पेडलला बांधलेले. मग हात पुरेना. सर गेले, सरांमागे मनोहर, मग मी, मग वसंता, ओळीनं, एकाच बाजूला.

फाटकवाला खोलीच्या दारात येऊन बघत होता. म्हणाला, "उठा साहेब, मागं एसटी उभी आहे."

*

माझं लग्न याच पट्ट्यांनी मोडलं होतं जवळजवळ. मुलगी उमरेडची. रीतसर बघायला जायचं ठरलं होतं, पण त्याआधीच्या रविवारी आम्ही उमरेडला गेलो आणि एसटी स्टँडसमोर मी थांबलो तो आडवाच झालो. वसंतानं येऊन माझे पाय सोडले. समोर पानाच्या ठेल्यावर मुलीचे वडील उभे होते, हे मला कसं कळणार?

त्यांनी घरी जाऊन सांगितलं, स्थळ नको. मुलाला काहीतरी झटके येत असावेत, घरचे लोक पाय बांधून बाहेर सोडतात. मध्यस्थानं टो-क्लिप समजावून सांगायचा फार प्रयत्न केला, पण त्यालाच ती नीट समजली नव्हती.

मुलीनं आतून ऐकलं आणि म्हणाली, बांधलेला असला तर बरंच आहे की, पळून तर जाणार नाही. आता हे लिहीत बसलोय तर तिनंच चहा आणून ठेवलाय, आणि तो थंड होतोय म्हणून ओरडते आहे.

*

मग एकदा बापट सरांचे भाऊ परदेशातून आले आणि खऱ्या सायकलच्या बुटांचा जोड घेऊन आले. इटलीचा, काळा, जाळीदार, वास घेत बसावं असा. सरांच्या पायाला तो लहान झाला. मग टपरीवर आमची स्वयंवरं सुरू झाली. माझी टाच आत जाईना. वसंतानं पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून लहान करून पाहिला. एक बूट कसाबसा गेला, पण निघेना. वसंता एका पायात इटली आणि एका पायात चप्पल घालून पाळीवर गेला आणि फोरमननं त्याला दिवसभर बसून करायचं काम दिलं.

मनोहरला तो जोड मोठा झाला. त्यानं मागावरच्या उरलेल्या सुताचे गोळे पुढे कोंबले आणि आठवडाभर चालवून पाहिला. निवड चाचणी तोंडावर आली होती. नागपूर ते उमरेड आणि परत, पहिले तिघं राज्याच्या संघात. सरांचा आग्रह होता की त्यानं हाच जोड घालावा, तळवा कडक आहे, ताकद वाया जात नाही, वगैरे. रसायनशास्त्र सोडून ते भौतिकशास्त्रात शिरले होते. मनोहर चाचणीच्या आदल्या दिवशी जोड परत घेऊन आला. म्हणाला, "सर, बूट लई सुंदर आहे. पण पाय वर ओढतो तं बूट येते, पाय मागं राहते. मले ठोकलेलेच बरे."

सर तणतणत निघून गेले, पण दुसऱ्या दिवशी चाचणीला सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

*

आता ती चाचणी.

सुरुवातीला दोन्ही पाय बांधून, पट्टे ओढून, सायकलवर सरळ उभं राहायचं असतं. ते एकट्याला जमत नाही. म्हणून प्रत्येकाला मागून एक धरणारा लागायचा. शिट्टी झाली की त्यानं नुसतं सोडायचं, ढकलायचं नाही. मनोहरचा धरणारा नेहमी वसंता असायचा. दोघांचं असं जमलेलं की शिट्टी आणि हात एकाच वेळी सुटायचे. त्या सकाळी वसंताला पाळी बदलून मिळाली नाही.

मी शेजारीच होतो, पण वर्ध्याच्या एका पोराला धरायचं मी आधीच कबूल केलेलं. पंचांनी रांगा लावल्या. मनोहरचे पाय बांधून झाले, सरांनी त्याला एका बाजूनं धरलेलं, आणि सरांना पंचांनी टेबलावर वेळ लिहायला बोलावलं. सर इकडेतिकडे बघायला लागले. कडुलिंबाखाली धोतर-टोपीतले एक गृहस्थ बाजूला उभे होते. सर म्हणाले, अहो काका, जरा या पोराला धरता का? शिट्टी झाली की सोडायचं, बस.

ते आले. एक हात सीटला लावला, एक मनोहरच्या कमरेला. मी पाहिलं, ते मनोहरचे वडील डोमाजी होते. सरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मनोहर तर हँडलवर वाकलेला, नजर समोर. मागं कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं.

शिट्टी झाली. सगळे सुटले. डोमाजींनी सोडलं नाही.

मी ओरडलो. सर टेबलावरून ओरडले. मनोहर म्हणाला, "सोडा ना काका, सोडा!" मागून आवाज आला, "थांब."

तो आवाज ओळखला त्यानं. मान वळवता येत नव्हती, पण कान लाल झालेले मी पाहिले. बाप पोराला धरून उभा आणि पुढे सगळी शर्यत निघून चाललेली. माझ्या मनात आलं, संपलं, दोन वर्षं सायकलीबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही आणि आज हे असं बोलले.

तेवढ्यात पुढच्या वळणावर गल्लीतून म्हशी रस्त्यावर आल्या. पहिल्या सायकलवाल्यानं ब्रेक मारला. पाय सगळ्यांचे बांधलेले! एकावर एक, एकावर एक, रस्ताभर नुसती चाकं आणि शिव्या. धुळीत कोणी पट्टा शोधतंय, कोणी दुसऱ्याचाच पट्टा सोडतंय.

डोमाजींनी हात काढले. मनोहर कडेच्या मातीतून, म्हशींच्या मागून निघाला आणि दिसेनासा झाला.

नंतर पंचांमध्ये पुष्कळ वाद झाला. धरणाऱ्यानं ढकलू नये असा नियम होता. न सोडण्याविरुद्ध कुठलाच नियम सापडेना. डोमाजींनी त्या म्हशी आधी पाहिल्या होत्या की काय, हे विचारायला मी वळलो, तर कडुलिंबाखाली कोणी नव्हतं.

पडलेले उठले, वर्ध्याच्या पोरानं तर जीव तोडून पाठलाग केला आणि परतीला मनोहरला गाठलं. मनोहर दुसरा आला. दुसरा म्हणजे संघात. संघात म्हणजे नोकरी. सर टेबलावर हात आपटत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते चष्म्याला दोष देत होते. या सगळ्यात शेवटच्या रेषेवर त्याला कोण धरणार, हे ठरवायचं राहूनच गेलं. मला वाटलं सर धरतील, सरांना वाटलं मी. मनोहर हळू होत होत आमच्यासमोर आला, पट्टे सोडायची ताकद बोटांत नव्हती, आणि पंचांच्या टेबलासमोर सायकलसकट आडवा झाला. पडल्या पडल्या हसत होता. कोपर सोललं, दुसरं काही नाही.

त्याला टपरीवर बसवलं आणि मी सायकल दामटत तांडापेठेत गेलो. ही बातमी मलाच द्यायची होती.

डोमाजी घरी पोचून मागावर बसलेही होते. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, धोटा इकडून तिकडे चाललेला. मी दारातूनच सांगितलं, काका, झाली निवड, दुसरा आला, आता नोकरी पक्की. आतून मनोहरची आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिथंच खाली बसली. डोमाजींनी धोटा थांबवला.

मग म्हणाले, "ते ठीक झालं गा. पण उतरतानी कोणी धरलं का त्याले?"