तणसाच्या ढिगावरच्या सात्या

सिहोऱ्याजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत वरच्या अंगाच्या सूत रंगवणाऱ्या शेडचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं. शेड बंद पडली, रंग मातीत राहिला. रोवलेलं धान आठ दिवसांत पिवळं पडायचं. शेवटी कृषी महाविद्यालयातल्या एका मॅडमनी उपाय सांगितला. ती माती उकरून तिच्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवायचं, त्याचा ढीग करायचा आणि वरून जिवाणू आणि बुरशीचं पाणी शिंपडायचं. रंग ते खातात, पण रंगातले जड धातू कुणालाच पचत नाहीत, ते ढिगातच राहतात. "यातलं काही कुणाच्या तोंडी जाऊ देऊ नका," असं त्यांनी दोनदा बजावलं.

आमच्याकडे ज्याच्या गाईला चारा नाही, त्यानं कुणाच्याही ढिगातलं तणस उचलावं, विचारायची पद्धत नाही. म्हणून या ढिगातलं तणस गुरांना देऊ नका असं मी घरोघरी जाऊन सांगून आलो, काट्यांचं कुंपण घातलं. स्वतःला फार शहाणा समजत होतो. ढीग आतून तापायचा आणि त्याला कुजका गोडसर वास यायचा. मला त्याच्याजवळ उभं राहवत नसे.

माती तपासायला भंडाऱ्याला गेलो, तिथे पाच दिवस मोडले. परतलो तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण जेवत होती. ताटात सात्यांची भाजी. पावसाळ्यात उगवणाऱ्या या पांढऱ्या अळंब्यांवर आमच्या भागातला माणूस जीव टाकतो.

"कुठून आणल्या?"

"आपल्याच ढिगावरच्या," माय कौतुकानं म्हणाली. "टोपलंभर निंगाल्या."

ढिगातले धातू या सात्यांनी शोषून घेतले असणार. "ढिगातलं खायचं नाही म्हणून सांगतलं होतं ना!"

"तू तं ढोराईले तणस देऊ नका म्हणला होता. आमी तणस कुठं खाल्लं?"

खरंच होतं. गावभर सांगत फिरलो, घरात नीट सांगितलंच नव्हतं. मला स्वतःची चीड आली.

"एकदा खाल्ल्यानं काही होत नाही," मी म्हणालो.

बहीण हसली. "एकदा काहून, दादा? तू गेला तवापासून रोज खाऊन राहिली मी. दुसरं काही पोटात राहतच नाही."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कितवा महिना आहे?"

बहीण हात धुऊन समोरच उभी होती. तिच्या देखत उत्तर द्यायला नको म्हणून मी फोन घेऊन अंगणात गेलो.