शिट्टीकाकूचा ‘एनी’

माझ्या काकूचं खरं नाव तलावावर कुणालाच माहीत नव्हतं. हजेरीपटावर असेल तेवढंच. पोहायला येणारी पोरं, त्यांचे आईबाप, पंपावरचा मिस्त्री, खुद्द व्यवस्थापक, सगळे तिला शिट्टीकाकू म्हणत. गळ्यात शिट्टी, अंगात निळा टी-शर्ट, पायात रबरी चपला. ती ठेंगणी होती, खांदे मात्र कपाटासारखे. आणि आवाज! काकू कुजबुजली तरी वरच्या मजल्यावर आम्ही कान टवकारायचो. आम्ही वर राहायचो, ती खाली. माझी आई तिची धाकटी जाऊ आणि शाळेत इंग्रजीची शिक्षिका.

काकू तलावावर लाइफगार्ड होती. पहाटे तलावावरची जाळी ओढायची, क्लोरीन तपासायचं, ओल्या फरशीवर खराटा मारायचा, आणि मग दिवसभर उंच खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत राहायचं. गप्पा मारता मारता, चहा पिता पिता, जांभई देता देतासुद्धा तिचे डोळे पाण्यावरच असत. आमच्या घरी जेवायला बसली तरी ती खिडकीकडे पाठ करायची नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तलावाजवळ कुठल्याशा मोठ्या कंपनीचं ऑफिस उघडलं आणि परदेशी कुटुंबं पोहायला येऊ लागली. त्यांची पोरं ओल्या फरशीवर उधळायची. काकू खुर्चीवरून ओरडायची, “ए, पळू नका रे!” पोरं थांबायची, गोड हसायची, हात हलवायची आणि पुन्हा पळायची.

एके संध्याकाळी काकू तरातरा जिना चढून आली.

“धाकटे, मला इंग्रजी शिकव.”

आईच्या हातातला डाव हातातच राहिला. “आता? या वयात? कशाला, वहिनी?”

“अगं, मी जीव तोडून ओरडते आणि ती मला टाटा करतात! फार नको शिकवूस. रागावण्यापुरतं शिकव.”

आई हाडाची शिक्षिका. ‘रागावण्यापुरतं’ वगैरे तिला मंजूर नव्हतं. पाया पक्का हवा. तिच्या मते नामाच्या आधी बसणारे छोटे छोटे शब्द, म्हणजे अ, द, सम, मेनी, हे ज्याला जमले त्याला निम्मं इंग्रजी जमलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्याशी वर्ग सुरू झाला. आई भाजी चिरायची, काकू स्टुलावर बसायची, केसांना क्लोरीनचा वास, आणि मी दोघींच्या मध्ये गृहपाठाचं सोंग घेऊन बसायचे. असली करमणूक सोडते कोण!

“अ बॉय म्हणजे कुणीतरी एक मुलगा,” आई सांगायची. “द बॉय म्हणजे तो, आपल्याला ठाऊक असलेला.”

“म्हणजे अ परका आणि द घरचा.”

आईने पुढची भेंडी घेतली. “तसंच समजा.”

“मग पहिल्यांदा आला तर अ बॉय, आणि फरशीवर घसरून पडला की द बॉय!”

हे तिला इतकं आवडलं, की पुढचा आठवडाभर ती घरात ‘द चहा कुठाय’ आणि ‘द जावई येणारेत’ असंच बोलत होती. काका बिचारा विचारायचा, “मी कोण गं, अ की द?” काकू म्हणायची, “बाजारातून काय आणता त्यावर आहे.”

मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टींवर मात्र जुंपली.

“पाणी मोजता येत नाही,” आई म्हणाली. “म्हणून मच वॉटर.”

“कोण म्हणतं येत नाही? आमच्याकडे मीटर आहे!”

“लिटर मोजता येतात, वहिनी. पाणी नाही. तसंच फर्निचर. एक फर्निचर, दोन फर्निचर असं म्हणत नाहीत.”

“आमच्या बाकांवर नंबर घातलेत. या बघायला.”

आईने सुरी खाली ठेवली. “बरं. तलावात माणसं जास्त झाली तर? टू मेनी पीपल. त्यांनी पाणी जास्त उडवलं तर? टू मच वॉटर.”

हे मात्र काकूच्या डोक्यात लखकन उतरलं. लगेच तिने विचारलं, “आणि लाइफगार्ड कमी पडले तर?”

“टू फ्यू लाइफगार्ड्स.”

दुसऱ्या दिवशी तिने व्यवस्थापकसाहेबांना जिन्यात गाठलं आणि एका दमात ऐकवलं, “टू मेनी पीपल, टू मच वॉटर, टू फ्यू लाइफगार्ड्स!” साहेबांना वाटलं, कुणी परदेशी सभासद तक्रार करून गेला. आठवड्याभरात तलावावर आणखी एक लाइफगार्ड आला. काकू घरी आली ती नाचतच. “वर्षभर मराठीत सांगत होते गं! वर्षभर!”

मग आला सम आणि एनीचा दिवस. आईने नुकती सुरुवात केली होती, एवढ्यात न्हाणीघरातला नळ तुटला. पाण्याची कारंजी, मी बादल्या मांडतेय, आई प्लंबरला फोन लावतेय, आणि काकू मात्र स्टुलावर ठाण मांडून. “अगं, धडा?”

“होकाराला सम, नकाराला एनी!” आई ओल्या पायांनी इकडून तिकडे पळत ओरडली. “आय हॅव सम, आय डोन्ट हॅव एनी! बाकीचं नंतर सांगते!”

नंतर म्हणजे कधीच नाही. मधलं ते डोन्ट-बिन्ट काकूच्या डोक्यावरून गेलं. तिने मनाशी खूणगाठ बांधली, की एनी म्हणजे नकार. एनी म्हणजे नाही. बंदी.

आणि गंमत अशी की ते तलावावर अगदी छान चाललं. पोरं पळू लागली की काकू शिट्टी फुंकायची, तळहात पुढे करायची आणि गरजायची, “एनी रनिंग!” पोरं जागच्या जागी थिजायची. “एनी पुशिंग!” “एनी चप्पल!” शिट्टी आणि तळहात सगळ्या भाषांत एकच असतात, त्यामुळे तिचं चुकतंय हे कळायला वावच नव्हता. ती आईला म्हणायची, “धाकटे, तुझ्या बाकीच्या शब्दांपेक्षा हा एनी भारी. असा बसतो ना!” आईला वाटायचं, विद्यार्थिनी प्रगती करतेय.

त्याच मोसमात आमच्या तलावावर शाळांच्या मोठ्या स्पर्धा झाल्या. परदेशी संघही आले होते. मी रिलेत होते, म्हणून टोपी घालून, घाम पुसत, इतर मुलींबरोबर ओळीत उभी होते. प्रेक्षकांत आई पहिल्या रांगेत. आतली हवा दमट, उकाडा असा की माणसं कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होती, आणि भाषणं काही संपत नव्हती. सरावाची वेळ संपली होती. शर्यती सुरू होण्याआधी लेनच्या दोऱ्या ताणायच्या होत्या, तोवर पाण्यात कुणी उतरायचं नाही अशी सूचना द्यायची होती. नेमकी तेव्हाच घोषणा करणाऱ्या बाईंचा घसा बसला. तोंड उघडलं की नुसती हवा.

साहेबांची तारांबळ उडाली. इकडे तिकडे बघता बघता त्यांची नजर काकूवर पडली.

“शिट्टीकाकू, तुम्हाला इंग्रजी येतं ना? वर जा. पाण्यात कुणी उतरायचं नाही, एवढंच सांगा.”

घोषणेची खोली वर, काचेच्या आड. काकू धावतच गेली. टी-शर्ट सारखा केला, माइक पकडला. सवयीने तळहातही पुढे केला, पण तो खालून कुणाला दिसतोय!

“अटेन्शन प्लीज,” काकूचा आवाज छताला लागून परत आला. “एनी स्विमर्स कॅन गो इन द पूल नाऊ.”

परदेशी मुलांच्या रांगेत हालचाल झाली. एका चिमुरडीने मान वर करून आपल्या प्रशिक्षक बाईंकडे पाहिलं. लाल टी-शर्टातल्या त्या उंच बाईंनी खांदे उडवले. धप्प! चिमुरडी पाण्यात.

“एनी पेरेंट्स कॅन गो इन द पूल,” काकू पुढे म्हणाली. “एनी टीचर्स. एनी फोटोग्राफर.”

धप्प, धप्प, धप्प. उकाड्याने सगळ्यांना जीव नकोसा झालाच होता. कुणी बूट काढले, कुणी तेवढीही तसदी घेतली नाही. एक आजोबा, पँट-शर्ट-चष्म्यासकट, शिडीने शांतपणे उतरले आणि मानेपर्यंत पाण्यात जाऊन “आहाहा” म्हणाले. आमच्या ओळीतल्या मुलींनी एकमेकींचे हात धरले, आणि मी काय करणार, मध्येच सापडले होते. गेलो सगळ्या!

वरून काकू बघतेय. आपण नको म्हणतोय आणि माणसं उड्या मारतायत! तिचा पारा चढला. ती काचेला नाक लावून ओरडली, “एनी! एनी! आय सेड एनी!”

बस्स. जे काठावर घुटमळत होते तेही गेले.

तेव्हा कुठे आईच्या डोक्यात उजेड पडला. मी पाण्यातून पाहिलं, ती ताडकन उठली, कपाळावर हात मारला आणि “अगं बाई, माझा नळ!” असं काहीतरी ओरडत जिन्याकडे धावली.

पण तिच्याआधी साहेब धावले. खोल टोकाच्या बाजूने, हात वर करून, “थांबा, थांबा!” करत. ज्या फरशीवर पळू नका म्हणून काकू वर्षानुवर्षं घसा फोडत आली, त्याच फरशीवर साहेबांचा बूट सरकला. टाय उडाला, फाइल उडाली, साहेब पाण्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूने मात्र टाळी वाजवली नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे तिने आम्हाला कितीदा सांगितलं होतं. साहेब ओरडत नव्हते. नुसते हात वर, डोकं खाली, पुन्हा हात वर. तिने माइक टाकला, जिन्यावरून कशी आली देव जाणे, आणि काठावरून जी झेप घेतली ती सरळ त्यांच्यापाशी. हनुवटीखाली हात घालून, पाठीवर तरंगवत तिने त्यांना काठाला आणलं. मी दोन हातांवर होते, त्यामुळे पुढचं मी या कानांनी ऐकलं.

“अहो साहेब,” काकू कुजबुजली, “तुम्हाला पोहता येत नाही?”

“हळू बोला!” साहेब खोकत म्हणाले.

पण काकूचं कुजबुजणं ते! ते भिंतीवर आदळून चारही बाजूंनी परत आलं. आमची माणसं हसून हसून पाण्यात बुडायची वेळ आली. पाहुण्यांना भाषा कळली नाही. त्यांना वाटलं, हे बचावाचं प्रात्यक्षिक आहे. व्यवस्थापक स्वतः कपड्यांनिशी पाण्यात उतरतो, म्हणजे काय निष्ठा! ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. जे पाण्यात होते त्यांनी पाणी बडवलं.

इतक्यात वरून आईचा आवाज आला. थंडगार, खडूसारखा कोरडा. “नोबडी इज अलाउड इन द पूल. ऑल ऑफ यू, आउट, प्लीज.” अख्खा तलाव मुकाट्याने बाहेर आला. आजोबासुद्धा, शिडीने.

शर्यती उशिरा सुरू झाल्या. आमचा संघ रिलेत शेवटचा आला, कारण पहिलीला हसू आलं, तिने पाणी गिळलं, आणि तिला बघून बाकीच्यांची तीच गत. प्रमुख पाहुण्यांनी बक्षिसं देताना प्रात्यक्षिकाचं तोंडभरून कौतुक केलं. साहेब कुणाच्या तरी ट्रॅकसूटमध्ये मान हलवत बसले होते. आता काकूला जाब विचारायचा तर कशाबद्दल विचारणार? पुढच्या सोमवारी, तलाव उघडायच्या आधी, ते उथळ टोकाला कठडा धरून पाय मारताना मिस्त्रीला दिसले. शेजारी काकू. “गुडघे सरळ, साहेब. गुडघे!”

पण त्या संध्याकाळी घरात वादळ झालं. काकू ओल्या केसांनी स्टुलावर बसली.

“तू म्हणालीस नकाराला एनी!”

“नकाराबरोबर, वहिनी! नकार त्या डोन्टमध्ये असतो. एनी त्याच्या मागून चालतो फक्त. हे बघा, आपण म्हणतो ना, ‘कुणी आलं नाही’. त्यातला ‘कुणी’ काढून एकटा उभा केला, ‘कुणीही या’ म्हटलं, तर काय होतं?”

काकूने ओठ हलवून दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली. मग तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

“म्हणजे मी...”

“हो.”

“पेरेंट्स पण...”

“फोटोग्राफर पण.”

दोघी जावा जे हसायला लागल्या ते थांबेचनात. आईच्या डोळ्यांतून पाणी, काकू ओट्यावर थापा मारतेय, खालून काका ओरडतोय, “अगं, झालं काय?” काकूने जिन्यात डोकं घालून उत्तर दिलं, “एनी! एनी झालं!” आणि पुन्हा पोट धरून बसली.

पाहुणे संघ जायला निघाले त्या दिवशी मी माझा विसरलेला पोहायचा चष्मा आणायला तलावावर गेले होते. लाल टी-शर्टवाल्या प्रशिक्षक बाई काकूचा निरोप घ्यायला आल्या. केस पुसायचा टॉवेल हरवला, इथे मिळेल का, असं काहीसं त्या विचारत होत्या. मी मदतीला पुढे झाले. काकूने मला कोपराने मागे सारलं. एक मोठा श्वास घेतला.

“वुई डोन्ट हॅव एनी टॉवेल्स,” ती एकेक शब्द तोलून म्हणाली. मग थर्मास पुढे केला. “बट आय हॅव सम टी.”

बाई खळखळून हसल्या आणि तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. केसांतून पाणी गळत होतं. काकूने टोपणात चहा ओतला, माझ्याकडे वळून म्हणाली, “तू जा घरी. आम्ही बोलतोय.”