पाचवा बार उडाला नाही तेव्हा

मी लष्कराच्या इंजिनिअर कंपनीत चौदा वर्षे काढली. सॅपर म्हणून भरती झालो, हवालदार म्हणून बाहेर आलो. डाव्या गुडघ्यात दगडाची कपची शिरली होती, म्हणून मेडिकल बोर्डाने घरी पाठवले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. दुसरबीडजवळ तरुणांसाठी सहा महिन्यांचे एक केंद्र निघाले आणि तिथे इन्स्ट्रक्टर म्हणून मला नेमले. कागदावर ती नागरी नोकरी होती. मी तिला माझी शेवटची पोस्टिंग समजतो, कारण माझ्या हाताखालचा माणूस मी तिथे गमावला. लष्करात एकही गमावला नव्हता.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, एक ऑइल इंजिन आणि बारा मुले. वय सतरा ते वीस. पाचला हजेरी, साडेपाचला पीटी, सातला चहा, आठपासून काम. इंजिन खोलून जोडणे, भिंत ओळंब्यात उभी करणे, अर्ज लिहिणे, विहिरीच्या खडकात सुरुंग घेणे, असे सगळे शिकवायचे होते. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा हा नियम मी लावला. बहुतेकांनी घरी कधी चुलीकडे पाहिलेही नव्हते. एकदा सगळ्यांना बसने बुलढाण्याला नेले आणि कचेरीत साहेबासमोर एकेकाला आपले काम सांगायला लावले. चार मुले नाव सांगून गप्प झाली. एकाने साहेबाला कडक सॅल्यूट ठोकला आणि आल्या पावली परत फिरला. परतीच्या बसमध्ये त्यावर हसणे थांबले नाही. मुले मला लष्करी पद्धतीने 'उस्ताद' म्हणत.

त्यांतला प्रल्हाद हिवरा आश्रमाकडचा. एकोणीस वर्षांचा, उंच, बोलायला तिखट. त्याचा जोडीदार मधुकर. पहिल्या आठवड्यात मधुकरने भाकरी थापली तेव्हा प्रल्हादने ती ताटावर आपटून वाजवून दाखवली होती.

"हे भाकर हाय का कवेलू, बे?"

"खातं त खाय, नाही त घरावर टाक," मधुकर म्हणाला.

दोघांचे जमले ते तेव्हापासून. माझे मधुकरशी कधीच जमणार नव्हते, कारण तो किसनरावांचा मुलगा होता.

आता किसनरावांविषयी सांगतो. ते आमच्याच गावचे, मोठी जमीन असलेले. मी पूर्व सीमेवर रस्त्याच्या कामावर असताना माझा धाकटा भाऊ सुखदेव त्यांच्या विहिरीवर कामाला होता. खडकात पाच भोके पाडून दारू भरली होती. चार बार उडाले, पाचवा उडाला नाही. आमच्या भागातल्या विहिरीवरच्या माणसांत एक रीत आहे. ज्याने वात लावली त्यानेच आधी खाली उतरायचे. दुसरा कोणी आधी उतरला तर वात लावणाऱ्याच्या हाताचा अपमान होतो. सुखदेव थांबला होता. काठावर बसलेल्या किसनरावांनी त्याला विचारले, "काऊन बे, आपल्याच वातीले भेतं का?" सुखदेव उतरला आणि पाचवा बार उडाला. पंचनाम्यात किसनरावांनी सांगितले, पोराने घाई केली.

हे सगळे कळवणारे शाळेच्या मास्तरांचे पत्र मला तीन आठवड्यांनी मिळाले. पत्र आले त्या दिवशी सकाळी नऊ ते दहा मी माझ्या सेक्शनला मिसफायर ड्रिल, म्हणजे बार उडाला नाही तर काय करायचे ते, शिकवले होते. परक्या मुलांना मी ते दरवर्षी शिकवत होतो. सख्ख्या भावाला सुटीत घरी आल्यावर कधी शिकवले नाही. हा राग माझा माझ्यावरच होता. पण स्वतःवरचा राग माणसाला फार दिवस पेलत नाही. मी तो सगळा किसनरावांवर टाकला आणि सात वर्षे सांभाळला. केंद्राच्या यादीत मधुकरचे नाव वाचले तेव्हा मला आनंद झाला. ते मी लपवत नाही.

त्याला मी मारले नाही, शिवी दिली नाही. हजेरीला त्याचे नाव इतरांसारखेच पुकारले. पण आपला मुलगा आत असलेल्या विहिरीच्या काठावर किसनराव उभे आहेत आणि आत वाकून हाका मारत आहेत, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणत असे. पीटीच्या वेळी आणत असे, जेवताना आणत असे. त्याने मला बरे वाटे.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊ वाजता मिसफायरचा धडा होता. धडा छोटा आहे. भोके जितकी, तितके बार मोजायचे. एक जरी बार कमी ऐकू आला तरी शेवटच्या बारापासून अर्धा तास पन्नास पावलांच्या आत कोणी जायचे नाही. वात आत धुमसत असते, ती कधी पोचेल सांगता येत नाही. अर्ध्या तासानंतर एकाच माणसाने जायचे. इतकेच. त्या सकाळी मी मधुकरला भांडी घासायच्या फटिगवर लावले.

प्रल्हाद उठून उभा राहिला. "उस्ताद, मधुकर राह्यला."

"त्याचा पुढे घेईन. बस खाली."

पुढे मी तो घेतला नाही. सहा महिन्यांनी बारा प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. मधुकरच्या प्रमाणपत्रावर 'सुरुंगकाम' या शब्दासमोर 'समाधानकारक' असे लिहिले. माझे अक्षर चांगले आहे.

मधुकर आणि प्रल्हाद यांनी जोडीने विहिरींची कामे घ्यायला सुरुवात केली. वात नेहमी प्रल्हाद लावायचा, बारही तोच मोजायचा. मधुकरला धडा मिळाला की नाही, हे त्याने कधी विचारले नाही. उस्तादांची सही आहे म्हणजे त्याला येते, असे तो धरून चालला होता. हे मला नंतर कळले.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी प्रल्हाद मला दुसरबीडच्या रस्त्यावर भेटला. आज पाच भोके आहेत, असे म्हणाला. मधुकरचा बाप काम पाहायला येणार होता, म्हणून वात मधुकर लावणार होता.

"या ना उस्ताद, तुम्ही बी. चहा पाजतो."

येतो म्हणालो.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी सायकलवर होतो. विहिरीपासून दीड मैल लांब. बार ऐकू आले. मोजणे ही माझी सवय आहे. एक, दोन, तीन, चार. मी पाचव्यासाठी थांबलो. एक मिनिट गेले. पाचवा आला नाही.

मी जोरात पायडल मारले. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी मी चढावर पोचलो. तिथून विहीर दिसत होती, चारशे पावलांवर. किसनराव काठावर बसले होते. पांढरा फेटा ओळखू येत होता. मधुकर विहिरीच्या तोंडाशी उभा होता आणि बापाकडे पाहत होता. बाप हात हलवून काही बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. मला ऐकायची गरज नव्हती.

माझ्या खिशात शिट्टी होती. एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी आडोसा घ्यायचा, हे बाराही मुलांच्या अंगात मुरले होते. मधुकरच्याही. ती चारशे पावलांवर ऐकू गेली असती.

मी सायकलवरून उतरलो आणि चालू लागलो. गुडघा दुखत होता, असे मी नंतर लोकांना सांगितले. गुडघा दुखत नव्हता. मधुकर शिडीवर पाय टाकताना मी पाहिला. त्याचे डोके खाली जाताना पाहिले. मी चालत होतो.

मग उजवीकडून प्रल्हाद पळत आला. आवाजाला बैल बुजतात म्हणून तो त्यांना लांब बाभळीला बांधून येत होता. त्यानेही चारच मोजले होते. तो ओरडत होता, "वर ये बे! मधुकर, वर ये! अजून एक राह्यला!" काठावर तो थांबला नाही. सरळ शिडीवरून खाली गेला.

तेव्हा मी शिट्टी वाजवली. तेव्हा मी पळालो.

मधुकर तळाशी पोचला होता. प्रल्हादने त्याला शिडीवर चढवले आणि खालून ढकलत वर आणले. मधुकरचे खांदे काठावर आले होते. दहा वाजून एकतीस मिनिटांनी पाचवा बार उडाला.

प्रल्हादला आम्ही वर काढले तेव्हा तो गेलेला होता. मधुकरला एका ट्रकमधून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. त्याचा उजवा डोळा गेला, उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले.

पंचनामा दुपारी झाला. किसनरावांनी सांगितले, "त्या पोरानं घाई केली." सुखदेवच्या वेळचेच शब्द. त्यांचा गळा धरावा असे मला वाटले. हात उचललाही असेल. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "उस्ताद, तुम्ही पळत आले. म्या पाह्यलं. तुमचे उपकार हायेत." मग पोलिसांनी मला विचारले. मी म्हणालो, हो, घाई झाली. त्या कागदावर किसनरावांची आणि माझी सही शेजारी शेजारी आहे.

आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. मधुकरने डावा कान माझ्याकडे केला. बाप बाहेर गेल्याची खात्री करून घेतली.

"उस्ताद, त्या मंगळवारी मले भांड्याईवर काऊन लावलं व्हतं?"

मी त्याला सांगितले. सुखदेवचे सांगितले, पत्राचे सांगितले, धडा का दिला नाही तेही सांगितले. शेवटी शिट्टीचे सांगितले. नर्स येऊन गेली. मग तो म्हणाला, "तुमचं वैर माह्या बापाशी व्हतं. माह्याशी धरलं, तेबी समजलो. मंग मधात प्रल्हाद कोठून आला?"

मी उठून उभा राहिलो.

"बापाले सांगू नका," तो म्हणाला. "म्या सांगीन. कवा सांगायचं ते मले ठरवू द्या."

त्याने कधी सांगितले मला माहीत नाही. पण दोन वर्षांनी किसनराव रस्त्यात समोरून आले, थांबले, माझ्याकडे पाहिले आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेले. मी त्यांना माफ केलेले नाही. त्यांनीही मला करू नये.

प्रल्हादच्या आईला भेटायला मी गेलो तेव्हा ती शेतात मिरच्या तोडत होती. बांधावर उभा राहून मी तिला सगळे सांगितले. चालत गेलो तेही. ती मिरच्या तोडायची थांबली नाही. ओळीच्या टोकाला आल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"माह्या पोरानं बरोबर मोजले व्हते ना?"

"हो. चार मोजले. बरोबर मोजले."

"मंग त्याले येत व्हतं," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत गेली.

केंद्र ज्यांच्याकडे होते त्या ब्लॉक कचेरीच्या साहेबांना मी लेखी कळवले. अपघाताची फाइल बंद झाली आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असे त्यांनी बोलावून सांगितले आणि अर्ज परत दिला. केंद्र पुढे चार वर्षे चालले. मिसफायरचा धडा मी पहिल्या दिवसावर आणला. एक जरी मुलगा गैरहजर असेल तर धडा होत नसे. आम्ही सगळे बसून राहत असू, त्याची वाट पाहत. मुले कुरकुरत. एकदा एक जण म्हणाला, "एका गड्यापायी साऱ्याईले काऊन बसवता, उस्ताद?" मी त्याला प्रल्हादचे नाव सांगितले. नावापुढचे सांगायला बरीच वर्षे लागली.

एक गोष्ट पंचनाम्यात आलेली नाही, ती इथे नोंदवतो. ट्रकमध्ये मधुकरला पालथे झोपवले होते. त्याच्या सदऱ्यावर पाठीच्या मधोमध ओल्या चिखलाचे दोन ठसे होते, पंजे पूर्ण, दहाही बोटे. खालून वर ढकलणाऱ्या हातांचे. बुलढाण्याला पोचेपर्यंत ते वाळले होते.