दोन दगडांमधली रेषा

नल्लकुंट्यात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणामधली जुनी भिंत आम्ही पायासकट काढून टाकली. हद्दीचे फक्त दोन टोकांचे दगड उरले. मी तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. दगडांचे निर्देशक मोजले, चढ काढला, रेषेचं समीकरण मांडलं. शेजाऱ्यांचा पेरू माझ्या हद्दीत निघाला. त्यांनी समीकरणापुढे हात जोडले आणि झाड तोडायचं कबूल केलं. त्याच भरवशावर मी तिथे नवा नळही बसवून घेतला.

भिंत बांधायला आलेला मिस्त्री म्हातारा होता. माझा कागद त्याने निकाहनाम्यासारखा दोन्ही हातांनी अदबीने धरला, मी सांगितलं तिथे खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणली. मग उकिडवा बसून, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"साब," तो हळूच म्हणाला, "आपकी लकीर एकीच पत्थर से मिल को आई. दुसरे से बी मिल लेती तो अच्छा था."

सुतळी दुसऱ्या दगडापासून चांगली दोन हात लांब, शेजाऱ्यांच्या अंगणात गेली होती. चढाचं ऋण चिन्ह मी विसरलो होतो. उत्तरात दोन्ही बिंदू घालून ताळा करा, असं मी जन्मभर पोरांवर ओरडत आलो होतो.

त्याने सुतळी सोडून दोन्ही दगडांना बांधली. पेरू शेजाऱ्यांकडे गेला, सोबत माझा नळही.

"खोदूं क्या?" त्याने मला विचारलं.

"उनसे पूछो," मी मान खाली घालून म्हणालो.

शेजारी पायरी उतरून आले. "मास्तर, नळ तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "भिंत तिथे जरा वाकडी घेऊ."